हिरव्या टिकलीचे डबे

१. कचऱ्याचा चोर

“त्रिंबकशेट, इमानातला कचरा कुणीतरी चोरतंय,” हरिबा म्हणाला, आणि मला वाटलं, याला ऊन लागलं.

ऊन होतंही तसंच. दसरा नुकताच झाला होता आणि आमच्या कडा गावच्या माळावर दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. या माळावर आमचा विमानतळ आहे. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याचं कार्यालय आणि माझं हॉटेल. भरारी नावाच्या कंपनीचं पंख्याचं छोटं विमान सकाळी मुंबईहून येतं, दुपारी परत जातं. रविवारी सुट्टी. मधल्या वेळात वैमानिकापासून झाडूवालीपर्यंत सगळे माझ्याकडे चहा पितात. चहाबद्दल मी स्वतः काही बोलणार नाही, लोक बोलतात तेवढं पुरे. न पिणारी एकच, हवाई सुंदरी सुरेखा. आमच्या कड्याच्याच वस्तीवरची पोर, पण विमानातून खाली उतरत नाही. मोठ्या माणसांची मोठी नाटकं, असं म्हणून मी तिचा नाद सोडला होता.

हरिबा भंगारवाला. विमानातला कचरा उचलायचा ठेका त्याचा.

“कागद हाय, बाटल्या हायत,” तो सांगू लागला, “पण जेवणाचे डबे गायब. लई मजबूत डबे हो ते. झाकण लावलं की तेलाचा थेंब गळत न्हाई.”

“कुत्रं नेत असेल.”

“कुत्रं झाकण लावून नेतंय व्हय?”

मी हसलो. पण तेवढ्यात कार्यालयातून शिवकन्या मॅडम बाहेर आल्या आणि त्यांचं तोंड पाहून माझं हसू जागीच थांबलं. सिरसाळ्याच्या शेतकऱ्याची ही मुलगी, आमच्या विमानतळाची प्रमुख. एरवी सगळ्यांची थट्टा करणारी बाई. आज बाकावर बसली ती डोकं धरूनच.

“काका, विमानाची टाकी आजही रिकामी झाली,” त्या म्हणाल्या. “टँकर मागवावा लागला.”

हे प्रकरण कचऱ्याएवढं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. विमानाच्या पोटात पाण्याची टाकी असते. हात धुवायला, संडासाला, चहाला. पूर्वी ती काठोकाठ भरायचे आणि उरलेलं पाणी उतरल्यावर सोडून द्यायचे. म्हणजे पाण्याचं ओझं हवेतून फिरवायचं, त्यापायी इंधन जाळायचं आणि शेवटी ते पाणी गटारात घालायचं. बीड जिल्ह्यात असं पाणी सांडणं म्हणजे पापच. आता कंपनीला शहाणपण सुचलं होतं. मुंबईत अर्धीच टाकी भरायची, त्यात जाणंयेणं दोन्ही भागवायचं, आणि कड्यात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

आमचे सरपंच अमरसिंहदादा यांनी तर जागा देतानाच ठरावात घातलं होतं, विमान उतरवा, पण गावचं पाणी त्याला पाजणार नाही. सगळ्या विमानतळांवर हिशेब जमला. आमच्याकडेच रोज टाकी कोरडी.

“मुंबईहून निरोप आलाय,” मॅडम म्हणाल्या. “शुक्रवारी अभिमन्यू साहेब येतायत. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर कड्याचं विमान बंद. निरोपात लिहिलंय, स्थानिक लोक विमानातलं पाणी चोरत असल्याचा संशय आहे.”

माझं डोकं फिरलं. दुष्काळात आम्ही घागरी घेऊन कोसभर चाललो, पण पाहुण्याच्या तांब्यातलं पाणी कधी चोरलं नाही. आणि विमान बंद झालं, तर माळावर पोटाला लागलेली आम्ही सगळी माणसं परत जिथल्या तिथे.

“माझी मावशी आलीय सिरसाळ्याहून,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तिला विचारू का?”

२. जमादारीणबाई

वत्सलाबाई परळीच्या ठाण्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू आणि कनवटीला भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी. बोलताना त्या शेंग फोडत, आणि समोरचा खोटं बोलला की फोडायच्या थांबत. पोलीस खात्यात म्हणे या थांबण्याची दहशत होती.

“आधी मला इमान दाखवा,” त्या म्हणाल्या. “आतून बघायचं राह्यलंच हाय. आयुष्यभर खालूनच बघितलं.”

विमानाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. टाकीचं पाणी बाहेरून काढायची एक तोटी पोटाखाली होती. तिला शिशाचं सील होतं आणि ते धड होतं. मग त्या आत गेल्या, खुर्च्यांवर बसून पाहिलं, पट्टा लावून पाहिला, काढता येईना म्हणून छबुबाईला हाक मारली. छबुबाई आमची झाडूवाली, सगळं विमान तिच्या हाताखालून जातं.

“काय गं, कामाचा लई ताण पडत असंल,” वत्सलाबाईंनी विचारलं.

“पडतो की. खुर्च्याखाली लोक काय काय टाकत्यात. मागचं बेसिन तेवढं घासावं लागत न्हाई. ते आपलं रोज लख्ख असतंय.”

“रोज?”

“नवरात्रापास्नं तर आरशावानी.”

बाईंनी शेंग फोडली आणि पुढे काही विचारलं नाही. मला तर त्यांचा रागच आला. पाणी जातंय आणि ही बाई बेसिनाचं कौतुक ऐकतेय.

खाली आल्यावर त्यांनी हरिबाला त्याची पोती उलटी करायला लावली. मला म्हणाल्या, “त्रिंबकराव, डबे बघा. काय दिसतंय?”

“उष्टे डबे.”

“टिकल्या बघा.”

प्रत्येक डब्याच्या झाकणावर टिकली असते. शाकाहारी जेवणाला हिरवी, मांसाहारीला लाल. पोत्यातल्या यच्चयावत डब्यांवर लाल टिकली होती. हिरवा एक नाही.

“हरिबा, तू भंगारवाला,” बाई म्हणाल्या. “तू चोरले असते तर लाल टाकून हिरवे नेले असते का?”

“प्लास्टिकला काय धरम असतो व्हय, बाई? वजनाला सारखंच.”

“मग तू सुटलास. आन् कुत्रं बी सुटलं. कुत्र्यानं कोंबडीचे आधी नेले असते.”

म्हणजे हा चोर शाकाहारी होता!

३. नवरात्रातली टाकी

अमरसिंहदादा आले ते तावातावानेच. धावपट्टीच्या कुंपणाला लागून त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि ती यंदा डोळ्यांत भरण्यासारखी हिरवी होती. माझा सगळा संशय तिथेच जाऊन बसला होता, आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

“माझ्या बागंला इमानाचं पाणी?” दादा कडाडले. “शेततळं हाय माझं, बाई! ठिबक हाय! तुमच्या त्या टाकीत एका झाडाची चूळ बी भरायची न्हाई.”

“खरं हाय,” वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या आणि शेंग फोडली. “दादा, तुमी नवरात्रात इमानानं गेलते ना मुंबईला?”

“गेलतो. अष्टमीला.”

“जेवाया काय दिलं?”

दादा गोंधळले. “साबुदाण्याची खिचडी. नवरात्रात सगळं इमानच उपाशी, कोंबडीला हात कोण लावतंय? का वो?”

“काय न्हाई. आपलं विचारलं.”

दादा निघून गेल्यावर शिवकन्या मॅडम म्हणाल्या, “मावशी, सगळ्यात जास्त पाणी नवरात्रातच गेलं. मला वाटलं, उपासाची माणसं पाणी जास्त पितात.”

“पिणारी माणसं बेसिन घासत न्हाईत, शिवे.”

मग सगळ्यांच्या मागून दुसरी हवाई सुंदरी सायली आली. पुण्याची, गोड बोलणारी, माझ्या चहाची भक्त. तिने नेहमीसारखी एक फुगीर कापडी पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली. इथे ही पद्धतच आहे. वस्तीकडे जाणारा दुधाचा टेम्पो माझ्या दारात थांबतो, ज्याला घरी काही पाठवायचं तो ते माझ्याकडे ठेवतो. कुणाचं औषध असतं, कुणाचं बियाणं. ही पिशवी सुरेखाची असायची. पोर कपडे आईकडे धुवायला पाठवते, एवढंच मला माहीत. कुणाच्या सामानात नाक खुपसायची मला सवय नाही.

“विमानात आणखी काही कमी पडतं का गं?” बाईंनी सायलीला विचारलं.

सायली जरा घुटमळली. “लिंबाच्या फोडी. चहासाठी कापलेल्या असतात, परतीला एकही उरत नाही.”

बाई शेंग फोडायच्या थांबल्या. सायलीने कप घाईघाईने संपवला आणि ती उठून गेली.

“ती खोटं बोलली?” मी विचारलं.

“खोटं न्हाई. अर्धं खरं.” बाईंनी मॅडमकडे वळून विचारलं, “शिवे, उद्याचं इमानातलं जेवान बदलता यील का? हिरवी टिकली बंद. डब्यात नुस्ती अंडाकरी द्यायची. ज्यांना चालत न्हाई त्यांना केळी आन् राजगिऱ्याचे लाडू, कागदात.”

“मावशी, लोक मला फाडून खातील.”

“अंडं खातील, तुला न्हाई.”

४. अंड्याचा दिवस

बुधवारच्या त्या विमानात काय गोंधळ झाला, ते उतरणाऱ्यांच्या तोंडूनच कळलं. आष्टीचे एक वकील केळ्याची साल हातात धरून खटला भरायच्या गोष्टी बोलत होते. एका आजीबाईंना लाडू इतके आवडले की त्यांनी शेजारच्याचेही मागून घेतले.

मॅडम धावत विमानात गेल्या, टाकीचा काटा पाहिला आणि तिथूनच ओरडल्या, “परतीपुरतं पाणी आहे, आता बघू!” आणि मग दुपारी विमान सुटायच्या आधी पुन्हा पाहून आल्या, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

“मावशी, पाणी हललंच नाही. टँकर लागत नाही आज!”

माझ्या टेबलाखाली त्या दिवशी सुरेखाची पिशवी आली नाही. पण ते मला तेव्हा सुचलं नाही, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी हिरव्या टिकल्या परत आल्या आणि टाकी परत कोरडी झाली. संध्याकाळी वत्सलाबाई दुधाच्या टेम्पोत बसून कुठेतरी जाऊन आल्या. विचारलं तर म्हणाल्या, “हवा खायला गेलते.”

५. टेबलाखाली

शुक्रवारी अभिमन्यू साहेब उतरले. तरुण, इस्त्रीचे कपडे, आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. माझ्या हॉटेलात सगळ्यांना बोलावण्यात आलं. मॅडम, सरपंच, हरिबा, छबुबाई, सायली. सुरेखासुद्धा आली. माझ्या हॉटेलात तिचं ते पहिलंच पाऊल. मान खाली घालून दारापाशी उभी राहिली.

“मला आज निर्णय घ्यायचाय,” साहेब म्हणाले. “इथं पाणी कोण चोरतं?”

“पाणी कुणीच चोरत न्हाई,” वत्सलाबाई म्हणाल्या. “पाणी वापरलं जातंय. बाहेरच्या तोटीचं सील धड हाय, म्हंजी पाणी आतल्या आत संपतंय. आत तोटी कुठं? बेसिनावर. आन् ते बेसिन छबुबाईला कधी घासावं लागत न्हाई. कावून? कारण तिथं रोज कुणीतरी काहीतरी घासतंय.”

हरिबा पुढे सरकला. त्याच्या कचऱ्याचा विषय निघणार होता.

“काय घासतंय? डबे. फकस्त हिरव्या टिकलीचे. भंगारात इकायला न्हाई, नायतर लाल बी गेले असते. डबे पाहिजेत ते खायचं ठेवायला. तेबी अशा घरात, जिथं कोंबडीच्या डब्याला हात लावत न्हाईत. नवरात्रात सगळेच डबे हिरवे, म्हणून पाणी लई गेलं. बुधवारी एकबी हिरवा न्हाई, म्हणून टाकी भरलेली राह्यली. आन् लिंबाच्या फोडी? तेलाचा वास काढायला. हिरवा डबा झाला तरी तो कोंबडीच्या डब्याला चिकटून आलेला. माळकरी माणसाला द्यायचा तर तीन पाण्यांनी धुवाया लागतो.”

“पण उतरवले कसे?” साहेबांनी विचारलं. “विमानातून बाहेर येणारी प्रत्येक वस्तू तपासली जाते.”

“कर्मचाऱ्यांचे मळके कपडे कोण उलगडून बघतंय? आन् खाली आल्यावर माल ठेवायला जागा बी झकास हाय.” बाईंनी हात उचलला आणि थेट माझ्याकडे बोट केलं. “चोरीचा माल या माणसाच्या टेबलाखाली हाय.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हातातली किटली खाली ठेवली.

६. चटणी

अमरसिंहदादांनी वाकून सुरेखाची कालची पिशवी ओढली; ती टेम्पोत चढवू नका असं बाईंनीच मला बजावलं होतं. वर एक साडी, आणि साडीखाली स्वच्छ धुतलेल्या, एकात एक बसवलेल्या डब्यांची चवड. लिंबाचा वास सुटला.

“त्रिंबककाकांना काही माहीत नाही,” सुरेखा म्हणाली. ती दारापासून पुढे आली. “सायलीलाही मीच गप्प राहायला सांगितलं. मी धुते डबे. सगळे चहाला खाली उतरले की.”

“का?” साहेब म्हणाले.

“माझे आईवडील ऊसतोडीला जातात, सर. दिवाळी झाली की टोळी निघते, ती थेट उन्हाळ्यातच परत येते. आई जाताना चटण्या, लोणचं, तिखट बांधून नेते. पिशव्यांमध्ये. पिशव्या ट्रॅक्टरमध्ये फुटतात, मुंग्या लागतात, आणि मग उसाच्या फडावर कोरडी भाकरी खायची पाळी येते. इकडे एवढे चांगले डबे एकदा वापरून फेकायचे. मला बघवेना.”

“मागायचं होतं.”

“विमानातला बिस्किटाचा पुडा नेला म्हणून मुंबईतल्या एकाला काढलं होतं. माझ्या पगारावर भावाचं शिक्षण चाललंय. धीर झाला नाही.” ती मॅडमकडे वळली. “टाकीमुळे विमान बंद होईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मॅडम. काल कळलं, तोवर कालचे डबे धुऊन झाले होते. आज आल्यावर स्वतःच सांगणार होते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही. या पोरीला मी नाटकी म्हणत होतो. साहेब मात्र डब्यांकडे पाहत होते आणि त्यांच्या इस्त्रीच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

“नियम स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “विमानातली वस्तू परवानगीशिवाय नेली तर...”

“सायेब कोन हायत हितं?”

दारात एक बाई उभी होती. उन्हाने रापलेली, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर, हातात एक डबा. सुरेखाचा चेहरा पांढरा पडला. ही तिची आई, बबिता. मी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या अगदी मन लावून शेंग फोडत होत्या. म्हणजे काल ही हवा खाल्ली होती तर!

“या जमादारीणबाई म्हनल्या, कंपनीचे मोठे सायेब येनार हायत,” बबिताबाई साहेबांसमोर येऊन म्हणाल्या. “मग म्हनलं, रिकाम्या हातानं कसं भेटावं? कारळाची चटनी हाय. तुमी आमच्या सुरेखाजवळ डबे देता, लई उपकार झाले बघा. यंदा पयल्यांदा चटनीला मुंग्या लागायच्या न्हाईत.”

साहेबांनी डबा हातात घेतला. त्यावर हिरवी टिकली होती.

“आन् धुतलेले देता हे तर लईच बरं,” बाई पुढे म्हणाल्या. “तेलकट डबा धुवाया आमच्या वस्तीवर पानी कुठंय? पोरगी म्हनली, आई, कंपनीच धुऊन देती.”

साहेबांनी सुरेखाकडे पाहिलं. मग मॅडमकडे. मग झाकण उघडलं, बोटभर चटणी चाखली, आणि ती तिखट लागली म्हणून असेल किंवा दुसऱ्या कशाने, त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले.

“हो,” ते म्हणाले. “कंपनीच देते.”

“अस्सं.”

“पण विमानात धुणं परवडत नाही. पुढच्या आठवड्यापासून डबे मुंबईच्या आमच्या स्वयंपाकघरात धुऊन येतील. तिथलं धुण्याचं पाणी गाळून बागेला जातं. कंपनी एवढे डबे फेकते, त्याचं काय करावं हे मला सुचत नव्हतं. आता सुचलं. तुमच्या टोळीत किती घरं आहेत?”

“लई हायत की.”

“सगळ्यांना पुरतील.” ते मॅडमकडे वळले. “दुपारचं विमान वेळेवर सोडा. उद्याचंही. टाकीत पाणी किती उरतं ते मला रोज कळवा, आणि कड्याचं नाव त्या निरोपातून मी स्वतः काढतो.”

अमरसिंहदादांनी खाकरून घसा साफ केला. हरिबा म्हणाला, “म्हंजी माझं भंगार गेलंच की,” आणि छबुबाईने त्याला कोपराने ढोसलं. मॅडम हसत होत्या, खूप दिवसांनी, आणि हसता हसता त्यांनी मावशीचा हात घट्ट धरला होता.

सुरेखा मात्र भिंतीला टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊन रडायला लागली. तिची आई घाबरून तिच्याजवळ गेली, तिच्या तोंडावरचे हात बाजूला करून पदराने डोळे पुसू लागली.

“आगं, रडतीस कावून?” बबिताबाई म्हणाल्या. “सायबांनी हो म्हनलं की.”